‘बचत’ या शब्दाचे काय झाले?
दिवाळी सेलच्या भाषेची एक तपासणी

घटस्थापना झाली की मराठी वर्तमानपत्रांचे पहिले पान बातम्यांकडे उरत नाही. पहिल्या पानावर जाहिरात, ते उलटले की आत जाहिरात, आणि देशात काय घडले ते तिसऱ्या पानावर. भाऊबीज उलटेपर्यंत हा क्रम चालतो. या काळातल्या जाहिरातींची कात्रणे मी गेली काही वर्षे जमवत आले आहे. सुरुवातीला त्यात गंमत होती. पुढे लक्षात आले, की ठरावीक सात-आठ शब्दच या जाहिराती आलटून पालटून वापरतात, आणि त्यातले बहुतेक शब्द आपल्या घरातले आहेत : बचत, सूट, मुहूर्त, शुभ, हप्ता, भेट, संधी.

जाहिरातीला साहित्य म्हणा असा माझा आग्रह नाही. पण ती मराठीत लिहिली जाते, कोणत्याही कथासंग्रहापेक्षा अधिक लोक ती वाचतात आणि तिच्या सांगण्यावरून पैसे खर्च करतात. तरीही आपल्या समीक्षेने तिच्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक १९०९ साली काढला. तेव्हापासूनच्या दिवाळी अंकांच्या परंपरेवर पुष्कळ लिहिले गेले, पण या अंकांना जगवणाऱ्या जाहिरातींच्या पानांवर त्या मानाने फार थोडे. ग्रंथालयांतून मी चाळलेल्या काही बांधीव अंकांत तर ही पाने बांधणीच्या वेळीच काढून टाकलेली होती. हा लेखही ज्या अंकात छापला जात आहे तो जाहिरातींवाचून निघणे कठीण, याची मला जाणीव आहे. तेव्हा जाहिरात असावी की नसावी हा येथे प्रश्न नाही. सेलची भाषा आपल्या शब्दांचे काय करते आणि त्याची किंमत कोण मोजते, एवढेच पाहायचे आहे.

उरणे आणि उडणे

‘बचत’ हा शब्द ‘बचणे’शी जोडलेला आहे. बचणे म्हणजे उरणे, वाचणे. म्हणजे बचत ही खर्चानंतरची गोष्ट. आलेल्या पैशातून गेलेला पैसा वजा केला की हातात राहते ती बचत. तिला पुरावा लागतो : पासबुकातला आकडा, डाळीच्या डब्यातल्या नोटा, निदान पदराच्या गाठीतले नाणे.

जाहिरातीतल्या बचतीला असा पुरावा नसतो. ‘४०,००० चा फ्रिज २८,००० ला, १२,००० रुपयांची बचत’ असे वाचून फ्रिज घरी आणला, तर हे १२,००० रुपये घरात कुठेही सापडत नाहीत. गेलेले २८,००० मात्र पासबुकात स्पष्ट दिसतात. इथे बचत खर्चाच्या विरुद्ध नाही, ती खर्चाची मात्रा झाली आहे. जितका खर्च मोठा, तितकी ‘बचत’ मोठी. काहीही विकत न घेणाऱ्या माणसाची बचत या भाषेत शून्य ठरते. शब्दाचा अर्थ इतका पूर्ण उलटा झाल्याचे उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात वस्तू व सेवा कराचे दर बदलले आणि २२ तारखेला, नवरात्राच्या पहिल्या दिवशी, ते लागू झाले. त्यालाही ‘बचत उत्सव’ असे नाव मिळाले. अनेक वस्तूंवरचा कर कमी झाला हे खरे, आणि ज्याला ती वस्तू घ्यायचीच होती त्याचे पैसे वाचले हेही खरे. परंतु कमी झालेला दर ही बचतीची शक्यता असते. उरलेला पैसा दुसऱ्या खरेदीत गेला, तर बचत झाली असे म्हणता येत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार भारतीय कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत २०२०-२१ मध्ये देशाच्या उत्पन्नाच्या ११ टक्क्यांहून अधिक होती. २०२२-२३ मध्ये ती सुमारे ५ टक्क्यांवर आली. पहिले वर्ष टाळेबंदीचे होते, तेव्हा खर्च करायला वावच नव्हता. शिवाय पुढे घरांसाठी कर्जे वाढली. त्यामुळे या घसरणीचे खापर सेलवर फोडणे चूक ठरेल. पण जाहिरातीत बचत हा शब्द सर्वांत मोठ्या टाइपात छापला जात असताना प्रत्यक्ष बचत आक्रसत होती, एवढे नोंदवण्यास हरकत नाही.

हा शब्द जुन्या अर्थाने आजही जिवंत आहे तो महिला बचत गटांत. नाबार्डने १९९२ मध्ये गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, त्यानंतर महाराष्ट्रात गावोगाव ही चळवळ पसरली. दरमहा ठरलेली रक्कम जमा करायची, नोंदवहीत लिहायची, अडीअडचणीला त्यातूनच कर्ज घ्यायचे. शंभर-दोनशे रुपयांचा हा व्यवहार एक-एक आकडा वाचून दाखवल्याशिवाय पुढे सरकत नाही. एकाच भाषेत, एकाच गावात, बचत या शब्दाचे दोन परस्परविरुद्ध अर्थ आज असे शेजारी नांदत आहेत.

सूट कशावर?

दुसरा शब्द ‘सूट’. सूट ही कशातून तरी मिळते, म्हणून आधी ‘कशातून’ ते विचारले पाहिजे. आमोस ट्वेर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. आकड्यांचे एक चक्र फिरवायचे; ते १० वर किंवा ६५ वरच थांबेल अशी गुप्त सोय केलेली. मग विचारायचे, की संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यांत आफ्रिकी देश किती टक्के आहेत? ज्यांच्यासमोर १० आला त्यांचा मध्यम अंदाज २५ टक्के, ज्यांच्यासमोर ६५ आला त्यांचा ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काही संबंध नाही हे कळत असूनही, आधी दिसलेल्या आकड्याला मन खुंटीसारखे बांधले गेले.

आपल्याकडे ही खुंटी वेष्टनावर छापलेलीच असते. ‘कमाल किरकोळ किंमत’ याचा अर्थ, यापेक्षा जास्त घेता येणार नाही. वस्तू याच किमतीला विकली जात होती असा त्याचा अर्थ नव्हे. ही किंमत उत्पादकच ठरवतो. म्हणून ‘छापील किमतीवर ५० टक्के सूट’ या वाक्यातून वस्तू स्वस्त झाली की नाही हे कळतच नाही. ती वस्तू महिन्यापूर्वी काय भावाने मिळत होती, हा आकडा लागतो. आणि नेमका तोच जाहिरातीत नसतो.

सराफी पेढ्यांच्या जाहिरातीत हीच युक्ती ‘घडणावळ’ या अस्सल मराठी शब्दाभोवती फिरते. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून समजा, १,००,००० रुपयांचे सोने आहे. एका दुकानात घडणावळ २० टक्के, त्यावर सणानिमित्त ५० टक्के सूट. शेजारच्या दुकानात घडणावळ १० टक्के, सूट काही नाही. दोन्हीकडे घडणावळ १०,००० रुपयेच होते. पहिल्या दुकानात मात्र आपण १०,००० ‘वाचवून’ आनंदाने बाहेर पडतो. शिवाय दागिना पुढे मोडायला गेलो तर घडणावळ परत मिळत नाही, मग ती सूट मिळालेली असो वा नसो.

पूर्वी सूट मिळवावी लागे. घासाघीस करताना बाजारातली बाई आधी चार दुकाने फिरून भाव काढी, पाठ फिरवून दोन पावले चाले आणि हाक येण्याची वाट पाही. त्या संवादात तिचा आवाज होता, आणि वस्तूची खरी किंमत काय असावी याचा तिचा स्वतःचा अंदाज होता. पुण्या-मुंबईच्या काही दुकानांनी ‘एकच भाव’ अशी पाटी लावली, तेव्हा निदान तो भाव सर्वांसमोर होता. सेलमध्ये दुकानदार स्वतःच भाव सांगतो, स्वतःच घासाघीस करतो आणि स्वतःच हार मानल्यासारखे दाखवतो. गिऱ्हाइकाने करायचे काम त्याने आपल्याकडे घेतले आहे. आपल्या वाट्याला फक्त खूश होणे उरते.

मुहूर्त आणि घाई

साडेतीन मुहूर्त म्हणजे गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, विजयादशमी आणि अर्धा मुहूर्त बलिप्रतिपदा. त्यांचा मूळ आशय निर्धास्त करणारा आहे : या दिवशी काही शुभ आरंभ करायचा तर पंचांग पाहायची गरज नाही. आरंभ घराचा, विद्येचा, व्यवसायाचा, कशाचाही. जाहिरातीने ‘आरंभ’ गाळून तिथे ‘खरेदी’ ठेवली, आणि निर्धास्तपणाच्या जागी धास्ती आणली : आज घेतले नाही तर शुभ हुकेल.

साडेतीन दिवस व्यापाराला पुरणारे नव्हते. मग गुरुपुष्यामृत पुढे आले, धनत्रयोदशी पुढे आली. धनत्रयोदशी साडेतीन मुहूर्तांत बसत नाही. महाराष्ट्रातल्या अनेक घरांत हा दिवस धन्वंतरीच्या पूजेचा, धणे-गुळाच्या नैवेद्याचा आणि यमदीपदानाचा. म्हणजे आरोग्याचा आणि अपमृत्यू टळो या प्रार्थनेचा. आज याच दिवशी सोन्याच्या दुकानापुढे रांगा असतात, आणि मराठी जाहिरातीतसुद्धा तो ‘धनतेरस’ झाला आहे. ज्या समाजाने दसऱ्याला आपट्याचे पान ‘सोने’ म्हणून एकमेकांच्या हातावर ठेवले, त्याला सोन्याची प्रतीके कळत नव्हती असे कोण म्हणेल? ते सोने लुटायचे असे, विकत घ्यायचे नसे. देणारा आणि घेणारा दोघेही त्यात गरीब होत नसत.

मुहूर्ताची धास्ती आता मिनिटांवर आली आहे. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी फ्लिपकार्टने आपला पहिला ‘बिग बिलियन डे’ भरवला. गर्दीने संकेतस्थळ कोलमडले, किमती बदलल्या, घेतलेल्या मागण्या रद्द झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी कंपनीच्या संस्थापकांनी ग्राहकांची माफी मागितली. त्या गोंधळातून लोक सेलला विटले नाहीत. उलट, सेल हा दिवाळीचाच भाग झाला. फोनच्या पडद्यावर घड्याळ उलटे चालू लागले, ‘फक्त दोनच शिल्लक’ अशा सूचना येऊ लागल्या.

या युक्त्यांना आता कायद्यात नावे आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि तेरा प्रकार सांगितले. खोटी निकड दाखवणे, न मागितलेली वस्तू किंवा विमा हळूच यादीत घालणे, शेवटच्या पायरीवर शुल्क उघड करणे हे त्यातलेच. एक प्रकार भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावा असा आहे : नकार देणाऱ्याला लाजवणे. ‘नको’ एवढेच म्हणायचे असते, पण पडद्यावर ‘नको, मला बचत करायची नाही’ अशा अर्थाचे बटण असते. न घेणाऱ्याला उधळ्या ठरवणारे हे वाक्य म्हणजे ‘बचत’ या शब्दाच्या उलट्या प्रवासाचा शेवटचा मुक्काम.

हप्ता

‘ऋण काढून सण’ हा आपल्याकडे निंदेचा वाक्प्रचार. तो लोकांच्या तोंडी रुळला, याचाच अर्थ तशी माणसे पूर्वीही पुष्कळ होती. फरक असा, की तेव्हा ऋण काढायला सावकाराच्या ओट्यावर जावे लागे, मान खाली घालावी लागे. आज ऋण ‘हप्ता’ हे सौम्य नाव घेऊन वस्तूच्या किमतीशेजारीच उभे असते. २४,००० हा आकडा बारीक, २,००० ठळक.

त्यातही ‘बिनव्याजी हप्ता’ हा प्रकार नीट वाचावा. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकातच बँकांना बजावले होते, की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वात नसते. व्याज प्रक्रिया शुल्कात किंवा अन्य रीतीने दडवले जाते. क्रेडिट कार्डावरच्या आजच्या बिनव्याजी हप्त्यात सहसा विक्रेता व्याजाइतकी सूट देतो आणि बँक ते व्याज घेते. व्याजावरचा १८ टक्के कर मात्र ग्राहकाच्या खात्यात पडतो. समजा, २४,००० चा फोन, १२ हप्ते, व्याजदर १५ टक्के. व्याज होते सुमारे १,८४२ रुपये, त्यावरचा कर ३३२. प्रक्रिया शुल्क १९९ धरले तर करासह २३५. म्हणजे ‘बिनव्याजी’ हप्त्याला सुमारे ५६६ रुपये पडले. एकरकमी पैसे देणाऱ्याला तोच फोन १,५०० रुपयांनी कमी मिळत असेल, तर फरक २,०६६ चा. ही रक्कम नोकरदाराला क्षुल्लक वाटेल. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या महिन्याच्या किराण्याचा तो मोठा भाग आहे. आणि हप्त्याची जाहिरात मुख्यतः तिच्यासारख्यांसाठीच असते, कारण २४,००० एकदम देण्याची सोय तिच्याकडे नाही.

इथे बोनसचाही विचार करावा. १९५० साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी बोनससाठी ६३ दिवसांचा संप केला. १९६५ मध्ये बोनसचा कायदा झाला. पुढे त्यात रुजलेला ८.३३ टक्क्यांचा किमान दर म्हणजे वर्षाच्या मजुरीचा बारावा हिस्सा, एका महिन्याचा पगार. भांडून मिळवलेली ही रक्कम वर्षातून एकदाच हाती एकठोक येणारी. तिच्यातून मुलीचे शुल्क भागते, गावाकडच्या घराचे पत्रे बदलतात, जुने देणे फिटते. सेलचा हंगाम याच दिवसांत असतो. बोनस पहिल्या हप्त्यात गेला, तर पुढच्या अकरा महिन्यांत तो वजा होऊन परत परत जात राहतो.

एकट्याचा निग्रह, अनेकांचा नकार

सेलला कसे टाळावे यावर आजकाल जे लेख येतात, त्यांची समीक्षाही झाली पाहिजे. यादी करा, ॲप काढून टाका, चोवीस तास थांबा. सल्ला वाईट नाही. पण त्यात सगळा भार एका माणसाच्या मनोनिग्रहावर आहे. एका बाजूला लाखो लोकांच्या सवयींचा अभ्यास करणारी यंत्रणा, दुसऱ्या बाजूला रात्री अकरा वाजता थकून फोन हातात घेतलेली एकटी व्यक्ती. ही लढत बरोबरीची नाही.

मराठी समाजात खरेदीला नकार देण्याची मोठी परंपरा आहे आणि ती बहुतांशी सामूहिक आहे. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली, तेव्हा कापड हा घरगुती निवडीचा विषय राहिला नाही. अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा गोळा करून पैसाफंड उभारला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. न उडवलेला पैसा एकत्र आला तर काय होते, याचे ते उदाहरण. १९७२ च्या दुष्काळी दिवसांत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीने लाटणी घेऊन मोर्चे काढले. जी गृहिणी तोवर भाव वाढला की भाजी कमी करत होती, तिने भाव का वाढला असे सरकारला विचारले. बिंदुमाधव जोशी यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या ग्राहक पंचायतीच्या चळवळीतून १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली. शेजारपाजारची कुटुंबे गट करतात, महिन्याच्या वाणसामानाची मागणी आधी नोंदवतात, माल घाऊक भावाने येतो आणि आपसात वाटून घेतला जातो. गरज आधी लिहिली गेली, वस्तू नंतर आली. सेलमध्ये वस्तू आधी दिसते आणि तिच्यासाठी गरज शोधली जाते. दोन्हींतला फरक एवढ्या साध्या क्रमात आहे.

काटकसरीच्या उपदेशातली दुसरी खोट बायकांना नेमकी ठाऊक असते. ‘टुकीचा संसार’ हे कौतुक बहुधा तिचे होते आणि कष्टही तिचेच होतात. ‘घरचा फराळ स्वस्त पडतो’ असे म्हणताना रवा, बेसन आणि तूप मोजले जाते. चकल्या तळताना गेलेली रात्र मोजली जात नाही. शेजारच्या बचत गटाकडून अनारसे आणले तर तो अपव्यय नव्हे, कुणाच्या तरी कामाचा रास्त मोबदला आहे. कमी खर्च म्हणजेच शहाणा खर्च, असे समीकरण मांडले तर आपणही सेलचीच आकडेमोड करतो.

म्हणून सेलमध्ये काहीच घेऊ नये, असा निष्कर्ष मी काढत नाही. ज्या घरी मिक्सर वर्षभर बिघडलेला आहे आणि सणाची वाट पाहत पैसे बाजूला ठेवले आहेत, त्या घराने कमी भावात तो जरूर घ्यावा. वाट पाहणारा माणूस सेलचा खरा फायदा घेतो, कारण त्याचा निर्णय जाहिरातीच्या आधी झालेला असतो. त्याच्याजवळ वस्तूचे नाव, जुना भाव आणि खर्चाची मर्यादा हे तीन आकडे-शब्द लिहिलेले असतात.

आपल्या सणात यासाठी जागा आहे. लक्ष्मीपूजनाला आपण दोन साध्या वस्तू पुजतो : केरसुणी आणि हिशेबाची वही. व्यापाऱ्याने वहीपूजन ठेवले, घरांनी मात्र वही सोडली. घराचा हिशेब बहुधा एकाच्याच डोक्यात किंवा एकाच्याच फोनमध्ये राहतो, आणि बाकीच्यांना फक्त ‘परवडत नाही’ एवढे ऐकू येते. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी, मुलांनीसुद्धा, एकत्र बसून किती आले, कुणाचे किती देणे आहे, सणाला किती काढायचे आणि काय नक्की लागते हे कागदावर लिहावे. मोलकरणीचा बोनस त्या यादीत सर्वांत वर असावा. मग जाहिरातीतली ‘बचत’ समोर आली, की त्या कागदावर शेवटी उरलेला आकडा तिच्याशेजारी ठेवून पाहता येईल.